घड्याळ बरोबर होतं, दादा

दादा,

तुला जाऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत दारात जितकी माणसं आली, तितक्यांनी तुझ्या मोटरसायकल रेसच्या गोष्टी सांगितल्या. कोण म्हणालं, आनंदा वळणावर आला की आम्ही दोरीच्या मागं सरकायचो, एवढी माती अंगावर यायची. कोण म्हणालं, हँडल वाकलेलं असताना गड्यानं निम्मी रेस पुरी केली होती. आणि बोलून झालं, चहा संपला, की कप खाली ठेवता ठेवता प्रत्येकजण एकच सांगायचा. "पण ती नवी गाडी त्याला जमली न्हाय बघा. न्हायतर पोरगं कुठल्या कुठं गेलं असतं."

आई भिंतीला टेकून बसलेली असायची. मी मान हलवायचे आणि कप उचलून आत जायचे. गेली दहा वर्षं मी या वाक्याला मान हलवत आले. तू म्हणायचास तेव्हाही हलवली.

तुझ्याशी त्या गाडीबद्दल बोलायचंय. तू असताना बोलायला हवं होतं, हे मला सांगू नकोस. मला ठाऊक आहे.

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते आणि तू आयटीआय अर्धवट सोडून अप्पांच्या गॅरेजात लागलास. अप्पा कुरुंदवाडचे, लिंगायत, घरी कन्नड बोलणारे, कपाळावर भस्म आणि हातावर ग्रीस. तुला त्यांनी पहिल्या दिवशी पाना हातात दिला आणि दुसऱ्या वर्षी गाडी. शंभर सीसीची टू-स्ट्रोक, दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करून संध्याकाळी तुम्ही दोघांनी खोलून, घासून, परत बांधलेली. मडगार्ड नाही, दिवा नाही, आणि आवाज असा की आई म्हणायची, "गल्लीत करवत फिरवल्यागत वाटतंय."

त्या गाडीवर तू बसलास की तू आणि गाडी असं वेगळं काही राहायचंच नाही. मला रेसमधलं काही कळत नव्हतं, तरी ते कळायचं. वळणात तू ॲक्सिलरेटर सोडायचास, गाडी मोकळी घरंगळत आत शिरायची, तू डावा पाय मातीत टेकवायचास आणि क्लच दोन बोटांवर खेळवत तिला परत ओरडायला लावायचास. चार-पाच वर्षांत सांगली, बेळगाव, पुणं, सगळीकडं तुझं नाव झालं. आमच्या कॉलेजातली पोरं मला "आनंदा रेसरची बहीण" म्हणून ओळखायची. माझं नाव सुनीता आहे हे सांगायला मला फार वेळ लागायचा.

आणि मी घड्याळ धरायचे. ते काम माझ्याकडं कसं आलं तुला आठवत असेल. आधी तुझे दोस्त धरायचे आणि ते सगळे तुझ्यावर जीव टाकणारे, त्यामुळं सेकंद-अर्धा सेकंद प्रेमानं कमी सांगायचे. बेळगावच्या रेसच्या आदल्या दिवशी तू सरावात चुकत होतास आणि सगळे "एक नंबर, एक नंबर" म्हणत होते. मी कॉलेजच्या जिमखान्यातनं आणलेलं काट्याचं स्टॉपवॉच हातात घेऊन उभी होते. मी म्हटलं, "दादा, दोन सेकंद मागं आहेस तू." सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी मयताला जाऊन हसलेय. तू मात्र हेल्मेट काढलंस, थोडा वेळ मातीकडं बघितलंस आणि गाडीचं मागचं, साखळीचं दातेरी चक्र बदललंस. दुसऱ्या दिवशी पहिला आलास. बक्षीस घेऊन खाली उतरलास तो थेट माझ्याकडं आलास. "आजपास्नं घड्याळ सुनीच धरणार. बाकीच्यांनी हात लावायचा न्हाय."

त्यानंतर मी जो आकडा सांगेन तो आकडा. तू कधी परत विचारलं नाहीस, कधी घड्याळ स्वतः बघितलं नाहीस. माझ्यावर इतका विश्वास नंतर कुणी ठेवला नाही. माझ्या नवऱ्यानंही नाही, आणि त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग ती गाडी आली.

गावातल्या मोटरसायकलच्या शोरूमच्या मालकांनी ती बाहेरून मागवली होती. फोर-स्ट्रोक, जुन्या गाडीपेक्षा जड, उंच, पांढरी. टू-स्ट्रोकचे दिवस भरत आलेत, पुढच्या हंगामात पुण्याबिण्याला सगळे याच गाड्यांवर दिसतील, असं मालक सांगत होते. तुला त्यांनी गॅरेजात येऊन किल्ली दिली. "आनंदराव, महिनाभर चालवून बघा. जमली तर हंगाम तुमचा. संक्रांतीपर्यंत सांगा." तुला "आनंदराव" म्हणणारा तो पहिला माणूस. घरी येऊन तू आईच्या पाया पडलास आणि आई घाबरली, आज काय आहे म्हणून.

पहाटेचं धुकं विरलं की आपण तिघं कळंब्याला जायचो. तळ्याच्या पलीकडं ते मुरमाड माळ होतं, आता तिथं बंगले झालेत. अप्पांनी टायर आणि चुन्याच्या फक्कीनं वळणं आखली होती. त्याच माळावर जुन्या गाडीनं तुझी सगळ्यात चांगली फेरी एक मिनिट बारा सेकंदांची. नव्या गाडीनं पहिल्या दिवशी एक एकोणीस लागले. दुसऱ्या दिवशी एक वीस.

तू उतरलास आणि गाडीकडं असं बघितलंस की जणू ती दुसऱ्याची बायको आहे. "ही माझं ऐकतच न्हाय, अप्पा. मी सोडतोय आणि ही मागं वढतीया."

अप्पा हसले. "वढणारच की. ती जुनी मोकळी सुटायची. ह्या गाडीला तू सोडलंस की इंजानच ब्रेक लावतंय. तू वर्नं आणि पायानं ब्रेक लावतोस, मागलं चाक बसतंय न्हवं जागंवर?"

"मग काय करू?"

"काय करू नकोस. तेच तर सांगालोय. जरा कमी कर. जुनी गाडी आरडायला लागल्याबिगर पळत न्हवती, ही खालनंच वढती. वळणात गिअर पाडू नको, येक गिअर वरच ठेव. आरडू दिऊ नको तिला."

सांगायला सोपं होतं. पण तुझ्या हातापायांना सहा वर्षांची सवय होती. डोकं म्हणायचं गिअर पाडू नको, आणि वळण दिसलं की पाय आपोआप खाली. तू रागवायचास. गाडीवर नाही, स्वतःच्या पायावर. एकदा घरी जेवताना तू नकळत डावा पाय आपटत होतास आणि आईनं विचारलं, मुंगळा चावला काय.

सहाव्या दिवशी तू पडलास.

तिसऱ्या वळणात मागचं चाक फिरायचं थांबलं, गाडी आडवी झाली आणि तू तिच्यावरनं उडालास. मी धावले. अप्पा वयस्कर, ते मागनं येत होते. तू उताणा पडला होतास, डोळे उघडे. मी हेल्मेट काढलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि अगदी सभ्यपणानं विचारलंस, "तुमी कोण?"

तू मला "तुमी" म्हणालास, दादा.

पाच मिनिटं असतील, फार तर सात. मग एकाएकी तू म्हणालास, "सुने, रडतीयास कशापायी?" आणि उठून बसलास. खांद्याला मार होता, हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला, तो चांगला आला. घरी जाताना तू मला रस्त्यात थांबवलंस. "आईला काय सांगायचं न्हाय. जिन्यात घसरलो म्हन." मी आईला तसंच सांगितलं. आईनं विश्वास ठेवला, कारण मी सांगितलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या खऱ्या बोलण्याचा असाही उपयोग होतो.

हे तुला दोष द्यायला सांगत नाही. किंवा देतही असेन थोडा. बारा दिवस झोप नाही, मला नीट सांगता येत नाही.

दहा दिवसांनी तू परत माळावर आलास. मी म्हटलं, राहू दे. तू म्हणालास, संक्रांत जवळ आली. आता तू हळू शिकत होतास. एक अठरा. एक सतरा. एक सोळा, त्यानंतर तीन दिवस एक सोळाच. मी खरे आकडे सांगत होते. मी प्रत्येक फेरीला तिसऱ्या वळणाकडं न बघता घड्याळाकडं बघायचे आणि आवाज तुटला तर काय, एवढंच मनात असायचं. घरात बाबा नव्हते. आई, तू आणि मी. त्या वेळी तुझ्यासाठी पोरगी बघणं चाललं होतं.

मग तो बुधवार. तुला तो आठवत नसेल, कारण तुझ्या दृष्टीनं त्या दिवशी काहीच झालं नाही.

सकाळ स्वच्छ होती. तू दोन फेऱ्या मारल्यास आणि तिसरीला काहीतरी बदललं. अप्पांनी मान वर केली. आवाज कुठं तुटलाच नाही. वळणात गाडी धडधडत एका लयीत गेली, तू पाय फक्त टेकवलास न टेकवलास, आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर ती तुझ्या खालनं वाढत गेली. जुन्या गाडीवरचा तू त्या गाडीवर बसलेला मी पहिल्यांदा बघितला. तू चुन्याची रेघ ओलांडलीस आणि मी बटण दाबलं.

एक मिनिट अकरा.

तू गाडी वळवून आलास. हेल्मेट काढायच्या आधीच ओरडत होतास. तुझा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "सुने! आज घावली बघ! घावली मला! किती?"

मी घड्याळ बघितलं. मला तुझं "तुमी कोण" ऐकू आलं. मी म्हटलं, "एक पंधरा."

तू हसतच होतास थोडा वेळ. चेहऱ्याला कळायला वेळ लागला. मग म्हणालास, "पंधरा?"

"पंधरा."

अप्पा माझ्याकडं बघत होते. "अक्का, बटन नीट दाबलंस न्हवं? आवाज तर निराळाच आला आज."

मी म्हटलं, "दाबलं की." आणि काटा शून्यावर आणला.

तू अप्पांवरच चिडलास. "तिला काय विचारता? ती चुकती व्हय कधी?" मग गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभा राहिलास. माझ्याकडं न बघता म्हणालास, "मला वाटलं, उडालो. आन् पंधरा. म्हंजे मला कळतबी न्हाय आता मी कसा चाललोय ते."

हे वाक्य मी दहा वर्षं रोज ऐकलंय. शाळेत फळ्यावर उदाहरण सोडवताना, एसटीत, पोरीच्या वेण्या घालताना. मी तुझ्याकडनं गाडी काढून घेतली नाही, दादा, त्यापेक्षा मोठं काहीतरी काढून घेतलं. तुझ्या अंगाला जे कळलं होतं ते मी खोटं ठरवलं आणि तू अंगापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास.

दुसऱ्या दिवशी तू एक बारामध्ये आलास. मी एक पंधराच सांगितले. तिसऱ्या दिवशी मला खोटं बोलायची गरजच पडली नाही. तुझं तुलाच खरं वाटेना. तू वळणात थबकायला लागलास, परत गिअर पाडायला लागलास. त्या दिवशी खरोखर एक सोळा लागले आणि मी अगदी मोठ्या आवाजात, खरा आकडा, "एक सोळा" असं सांगितलं.

संक्रांतीच्या आधी तू गाडी पुसून, टाकी भरून मालकांना परत दिलीस. मी तुझ्याबरोबर होते. मालक चांगला माणूस. म्हणाले, "आणखी पंधरा दिवस घ्या की, आनंदराव." तू म्हणालास, "न्हाय मालक. गाडी चांगली हाय. मानूसच चुकलाय. दुसऱ्या कुणाला द्या."

मी शोरूमच्या काचेतनं बाहेर रस्त्याकडं बघत होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी का बोलले नाही? तेव्हा मला वाटलं की मी तुझा जीव वाचवला. बरेच दिवस हेच वाटायचं आणि त्याच्या आधारावर मी जेवत होते, झोपत होते. पण खरं सांगायचं तर त्यात आणखी काहीतरी होतं, लहानसं आणि घाण. त्याच महिन्यात माझा विद्यापीठात एम.एस्सी.च्या शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झाला होता. ते पत्र तीन दिवस घरात टीव्हीवर पडून होतं. तिन्ही दिवस घरात गाडीशिवाय विषय नव्हता. तू घरात आलास की आई उठायची, मी आले की नाही. आकडा सांगताना यातलं माझ्या मनात होतं का? मला वाटतं नव्हतं. पण मला शपथेवर सांगता येणार नाही, आणि माझ्या शपथेला आता काय किंमत आहे.

ती गाडी बेळगावच्या एका रायडरला मिळाली. मार्चमध्ये इथंच, आपल्या कोल्हापुरात, रेस होती. तू म्हणालास, बघायला जाऊ. मी नको म्हटलं तर म्हणालास, "गाडीवर काय राग हाय माझा?" रेसच्या आधी तू दोरी ओलांडून त्या पोराकडं गेलास. तो बिचारा तुला बघून उभाच राहिला. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होतास. मी जवळच होते. "वळणात गिअर पाडू नको. येक वरच ठेव. ती तुला वढती असं वाटंल, वढू दे. भांडू नको तिच्याशी." जे तू कळंब्याच्या माळावर, पडून-झडून, महिनाभर शिकलास ते सगळं तू त्याला पाच मिनिटांत देऊन टाकलंस.

तो जिंकला. तू दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारलीस. परत येताना, स्कूटरवर, पाठमोरा म्हणालास, "त्याला जमली बघ, सुने. मला न्हाय जमली."

मी तुझ्या मागं बसले होते. माझं तोंड तुझ्या कानापासून वीतभर लांब होतं.

त्यानंतर तू जुन्या गाडीवर एक हंगाम काढलास, मन नसताना. मग सोडलंस. अप्पांचे डोळे अधू झाले तसं गॅरेज तू बघायला लागलास. लग्न झालं, वहिनी आली, चिमी झाली. तू कडवट झाला नाहीस. झाला असतास तर मला सोपं गेलं असतं. उलट तू माझ्यासाठी काय काय केलंस. एम.एस्सी.च्या परीक्षेला रोज विद्यापीठात सोडायचास आणि पेपर संपेपर्यंत बाहेर झाडाखाली बसायचास, ऑफिसातल्या शिपायांच्या सायकली दुरुस्त करत. मला बघायला आलेल्या लोकांना, पोहे तोंडात असतानाच, तू सांगितलंस, "पावणं, एक गोष्ट आदीच सांगतो. आमची सुनी नोकरी सोडणार न्हाय. चालत आसंल तर पोहे संपवा, न्हायतर चहा घ्या आणि जयभीम." त्यांनी पोहे संपवले. त्याच घरात मी आज सुखात आहे.

आणि जिथं तिथं तू लोकांना सांगत सुटायचास, "आमची सुनी गणिताची मास्तरीण हाय. आकड्यात चुकायची न्हाय कधी." पेठ वडगावच्या माझ्या शाळेत येऊन हेडमास्तरांना सांगितलंस. मला त्या दिवशी तुझा राग आला होता. तू विचारलंस, काय झालं, तर मी म्हटलं, शाळेत असं बोलत नाहीत. ते भांडण आपलं तसंच राहिलं. तुला वाटलं असेल, मला गॅरेजवाल्या भावाची लाज वाटली.

मग तुझी किडनी. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, चार-चार तास. मंगळवारी वहिनी बसायची, शनिवारी शाळा सकाळची, म्हणून मी वडगावहून एसटीनं यायचे. तुझा हात मशीनला जोडलेला, तू तिच्या गुणगुणण्याकडं कान लावून नर्सला सांगायचास, "सिस्टर, हिचं बेअरिंग बदला." नर्स हसायची. आणि मग तू त्या गाडीबद्दल बोलायचास. दहा वर्षांत एवढं बोलला नव्हतास तेवढं त्या खोलीत बोललास. ती कशी ओढायची, तिचं सीट किती उंच होतं, थंडीत सुरू करताना किती किक लागायच्या.

गेल्या महिन्यातल्या शनिवारी तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं, झोपलास. मी वह्या तपासत होते. तू डोळे न उघडता विचारलंस, "सुने, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"एक दिवस, बग, मला वाटलं हुतं की घावली म्हणून. तू पंधरा सांगितलंस. आठवतंय?"

मी हो म्हटलं.

"घड्याळ बरोबर हुतं न्हवं तवा?"

मी लाल पेन वहीवर ठेवलं. समोरच्या पलंगावरचा म्हातारा झोपला होता. सगळं असं होतं की सांगावं. तू विचारत होतास, दादा. दार उघडून बाजूला उभा राहिला होतास. आणि मी, गणिताची मास्तरीण, तुझ्या शब्दात फट शोधली. तू घड्याळाचं विचारलं होतंस. घड्याळ बरोबरच होतं.

मी म्हटलं, "घड्याळ बरोबर होतं, दादा."

"मग झालं," तू म्हणालास. आणि थोड्या वेळानं, "बरं झालं इचारलं. उगं मनात राहिलं असतं."

त्यानंतर तीन शनिवार मिळाले मला. तिन्ही वेळा मी ठरवून आले. पहिल्या शनिवारी चिमी बरोबर होती. दुसऱ्या शनिवारी तुला उलट्या होत होत्या. तिसऱ्या शनिवारी काही अडचण नव्हती. आपण दोघंच होतो, तू बरा होतास, भेळ खायची इच्छा झालीय म्हणालास आणि डॉक्टरांना चोरून चार दाणे खाल्लेस. मी बोलले नाही. का, ते विचारू नकोस. तू माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होतास. ते बघणं माझ्याकडनं गेलं असतं. बुधवारी सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी हजेरी घेत होते.

परवा तुझा जलदान विधी झाला. अंगणात मांडव घातला होता, तुझा हार घातलेला फोटो, तोच, हेल्मेट काखेत घेतलेला. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून म्हणतोय आपण ते, झोपेतसुद्धा म्हणू. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाज बंद झाला. ओठ हलेनात. शेजारी आई म्हणत होती, वहिनी म्हणत होती, चिमी सगळ्यात मोठ्यानं म्हणत होती. पाचवं शीलही मला म्हणता आलं नाही. लोकांना वाटलं, दुःखानं झालं.

माणसं पांगल्यावर मी वहिनीला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. ऐकता ऐकता थांबली, मग परत पुसायला लागली. म्हणाली, "बरं केलंसा वन्सं."

"बरं कसं?"

"त्या गाडीवर ते ऱ्हायले असते तर मला घावले असते काय? आठ वर्सं तरी घावली. चिमी घावली." मग तिनं पदरानं डोळे टिपले. "माझ्याकडनं तुमाला कायबी दोस न्हाय. पण त्यांचं मी कसं सांगू? त्यांचं त्यांनाच."

बरोबर बोलली. तिचं तिनं सोडून दिलं. तुझं ती कुठनं सोडणार?

काल अप्पा आले. कुरुंदवाडहून नातवानं गाडीवर बसवून आणलं होतं, त्याला त्यांनी बाहेर चहाच्या गाड्यावर पाठवलं. आता त्यांना दिसत जवळजवळ नाही. तुझ्या फोटोसमोर उभे राहिले, फोटोवर हात फिरवला, मग पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. वहिनीला सांगितलं तसं त्यांना नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी तुमी विचारलं होतं, बटण नीट दाबलं काय म्हणून. मी दाबलं होतं. आकडा खोटा सांगितला मी."

त्यांचं तोंड रस्त्याकडंच राहिलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

"किती हुतं?"

"एक अकरा."

"अकरा." त्यांनी बोटांवर हिशोब केल्यासारखं केलं. "जुन्या गाडीचं बारा हुतं न्हवं?"

"बारा होतं."

अप्पांनी काठी घट्ट धरली. मला वाटलं, ते मला मारतील, आणि मारावं असं वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आधी तरी नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसायला लागले, रडत रडत, मान हलवत. "म्हंजे जमलीती की गं त्याला! मी म्हनलोतो, आवाज निराळा हाय. जमलीती की!" आणि मग तो राग आला. काठी पायरीवर आपटून म्हणाले, "आन् तू त्याला सांगितलं न्हाईस? मरूस्तवर? मला कशाला सांगालीस आता? मी काय करू ह्याचं?"

ते उठले. मी हात धरायला गेले तर त्यांनी झटकला. नातवाला हाक मारून गेले.

मी पायरीवर बसून राहिले. एक अकरा, दादा. बुधवारची तिसरी फेरी. तुला वाटलं होतं ते खरं होतं, तू उडाला होतास. अप्पांना आनंद झाला तेवढा तुला झाला असता, त्याहून जास्त झाला असता, आणि तो बघायला मी तिथं होते, वीतभर अंतरावर, दहा वर्षं.